शिफ्टशेजारचा रुकार

आमच्या घरात विंडोज भाडेकरू म्हणून राहायला आलं तेव्हा आम्ही स्वतःही भाड्यानंच राहत होतो. नांदेडात, गोदावरीपासून फार लांब नाही आणि फार जवळही नाही अशा एका गल्लीत, घरमालकीण चाचींच्या घराच्या खालच्या दोन खोल्या. चाची वरच्या मजल्यावर राहायच्या आणि घराचे सगळे कायदे तिथूनच खाली यायचे. पाण्याची मोटार सकाळी एकदाच लागणार, गच्चीवर पापड वाळत असतील तर कपडे नाहीत, जिन्यातल्या दिव्याचं बटण त्यांच्याकडे. खाली आम्ही दोघीच होतो, आई आणि मी. बाबा किनवटकडच्या एका आश्रमशाळेत कारकून होते. इस्लापूरच्या रस्त्यावर त्यांच्या मोटारसायकलला अपघात झाला आणि ते गेले. त्यांच्या जागी आईला अनुकंपावर नांदेडच्या एका कार्यालयात लिपिक-टंकलेखकाची नोकरी मिळाली. नेमणुकीच्या आदेशात एक अट होती: दोन वर्षांच्या आत मराठी टंकलेखनाची परीक्षा पास व्हायची, मिनिटाला तीस शब्दांची, नाहीतर सेवा समाप्त. आई बारावी शिकलेली होती, पण टाइपरायटर तिनं फक्त कोर्टाबाहेर छत्री लावून बसणाऱ्या लोकांसमोर पाहिला होता. तो आदेश तिनं प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेच्या तळाशी ठेवला आणि दर रविवारी काढून वाचायची, जणू एखाद्या आठवड्यात अट आपोआप बदलली असेल.

एकदा परीक्षा देऊन ती नापास झाली होती. दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, तिनं अर्ध्याहून कमी उतारा टाइप केला होता. क्लास लावावा तर क्लासच्या वेळा आणि कार्यालयाच्या वेळा एकच. कार्यालयात एक कॉम्प्युटर होता, पण तो मोठ्या बाबूंचा. त्याच्यावर फुलाफुलांचा टॉवेल असायचा आणि ते रजेवर गेले तरी टॉवेल हजर असायचा. आईकडे आवक-जावक रजिस्टर होतं, ते पेनानं लिहायचं. म्हणजे टंकलेखकाच्या खुर्चीवर बसून दिवसभर ती हातानं लिहायची, आणि हातानं लिहीत असल्यामुळे तिला टंकलेखन येत नव्हतं, आणि येत नव्हतं म्हणून खुर्ची जाणार होती. यात कुणाची चूक आहे असं कुणालाच वाटत नव्हतं.

अशात हैदराबादचा मामा मॅक घेऊन आला. मामा एका कंपनीत होता आणि त्या कंपनीनं परदेशातल्या शाखेतून आलेली जुनी मशीनं कामगारांना स्वस्तात वाटून टाकली होती. मी अकरावी सायन्सला होते, म्हणून त्यानं ते माझ्या नावानं दिलं आणि आता पोरीच्या शिक्षणाची काळजी मिटली असं जाहीर केलं. मामाच्या देण्याला एक इतिहास होता. त्याआधी त्यानं आम्हाला ब्रेड भाजायचं यंत्र दिलं होतं आणि आमच्याकडे ब्रेड कधी येत नसे. आईनं झाकणावरचं सफरचंद पाहिलं, "उष्टंच दिलं का रे?" एवढंच विचारलं आणि मशीन बुद्धाच्या मूर्तीशेजारी ठेवलं, कारण घरातलं ठिणग्या न उडवणारं एकमेव सॉकेट तिथं होतं.

सरावाचा प्रोग्रॅम मी इंटरनेटवरून उतरवला. उतारे दाखवणारा, वेग मोजणारा, चुका लाल करणारा. तो मॅकवर उघडेना. तो फक्त विंडोजवर चालतो असं त्यानं इंग्रजीत आणि सभ्यपणे सांगितलं. मी मामाला फोन केला. मामा म्हणाला त्यात काय, मॅकच्या आत विंडोज चालवता येतं, व्हर्च्युअल मशीन टाक. मी टाकलं. तीन दिवस लागले, कारण नेट आमचं नव्हतं, चाचींच्या मुलाचं होतं आणि ते भिंतीच्या एका विशिष्ट कोपऱ्यातच खाली उतरायचं. तिसऱ्या दिवशी मॅकच्या पडद्यावर एक चौकट उघडली, चौकटीत निळं आभाळ आलं आणि त्यात विंडोज सुरू झालं. आई भाकरीचं पीठ मळता मळता येऊन उभी राहिली. मी तिला समजावलं की हे मशीनच्या आतलं खोटं मशीन आहे. आतल्या विंडोजला वाटतं आपण एका खऱ्या, स्वतंत्र कॉम्प्युटरमध्ये राहतोय. बाहेर मॅक आहे हे त्याला माहीतच नाही.

"म्हणजे भाडेकरू," आई म्हणाली. मग जरा थांबून, "त्याला कळतच न्हाई का, घर दुसऱ्याचं हाय मनून?" मी न्हाई म्हणाले. "बरंय. ऱ्हाऊ दे सुखानं."

तेव्हापासून विंडोजचं नाव भाडेकरू पडलं. पुढं माझं सगळं आयुष्य कॉम्प्युटरमध्येच गेलं, लातूरला मी हेच शिकवते, आणि अजूनही वर्गात व्हर्च्युअल मशीन समजावून सांगताना मी भाडेकरूपासून सुरुवात करते. मुलांना लगेच कळतं. लातूरला शिकायला आलेलं प्रत्येक मूल भाड्याच्या खोलीत राहतं.

भाडेकरूला किती मेमरी द्यायची हा घरातला पहिला मोठा प्रश्न होता. मशीनकडे होती चार जीबी. चौकटीत विचारलेलं असायचं, यातली किती देणार? मी आईला विचारलं, निम्मी देऊ का? आई म्हणाली, चाची आपल्याला निम्मं पाणी देतात का? म्हणून मी एकच दिली. भाडेकरू उठायलाच वीस मिनिटं घ्यायला लागला. आई कार्यालयातून येऊन चहा टाकायची, कपडे बदलायची, अंबाडीची भाजी निवडून व्हायची, तरी याच्या निळ्या आभाळात चकती अजून गोल गोल फिरतेय. शेवटी तिनंच सांगितलं, दे बाई निम्मी, मालकाचं मालक बघंल. मालकाचे मग हाल झाले. मशीनचा पंखा असा फिरायचा की वरून चाची विचारायच्या, नीचे चक्की डाले क्या. पण भाडेकरू धावायला लागला.

मॅकच्या बटणांवर मराठी अक्षरं नव्हती. मी जुन्या दिनदर्शिकेचे पांढरे कोपरे कापून, त्यावर अक्षरं लिहून, एकेका बटणावर चिकटपट्टीनं बसवली. एकेक बटण दाबून, भाडेकरूच्या पडद्यावर काय उमटतं ते पाहायचं आणि तेच लिहून चिकटवायचं, अशी माझी पद्धत होती. मला ती फार शास्त्रीय वाटत होती. क, र, स मधल्या ओळीला, काना उजव्या हाताखाली, आणि रुकार, म्हणजे कृपयातल्या क च्या पायाशी असतो तो, अगदी डावीकडे खाली, शिफ्ट आणि झेड यांच्या मधल्या छोट्या बटणावर. करंगळी थोडी खाली सरकवली की रुकार. आईला तो लई आवडायचा, कारण बाकी सगळ्या अक्षरांसाठी बोटं ताणावी लागायची आणि हा घरच्यासारखा जवळ होता.

संध्याकाळी भाकऱ्या झाल्या की ती बसायची. हात धुतलेले असले तरी बोटांच्या पेरांत पीठ राहायचंच, आणि महिन्याभरात सगळ्या चिकटपट्ट्यांच्या कडा पांढऱ्या झाल्या. भाकरी थापणाऱ्या हातांचा एक ताल असतो. तो बटणांवर यायला वेळ लागला, पण आला तेव्हा पक्का आला. आधी ती प्रत्येक बटण दार ठोठावल्यासारखं दाबायची. मग हळूहळू आवाज एकसारखा झाला. मी शेजारी भौतिकशास्त्र घेऊन बसायचे आणि पान उलटायचं विसरून तो आवाज ऐकत राहायचे. जेवायची ठरलेली वेळ नसायची, एक उतारा झाला की जेवायचं. भाजी थंड, ठेचा कसाही चालतो, भाकरी मात्र आई पुन्हा तव्यावर टाकून द्यायची. उतारे सगळे सरकारी चालीचे असत. पाणी जपून वापरा, वृक्ष लावा, कृषी हा देशाचा कणा आहे. जेवताना आई कधी कधी एकदम म्हणायची, "वृक्षसंवर्धन ही काळाची गरज हाय. वाढू का अजून?"

प्रोग्रॅम तीस दिवसच फुकट होता. एकतिसाव्या दिवशी तो पैसे मागायला लागला आणि उतारे दाखवेना. तेव्हा मला भाडेकरूचा सगळ्यात मोठा गुण कळला. व्हर्च्युअल मशीनचा जसाच्या तसा फोटो काढून ठेवता येतो, आणि नंतर केव्हाही त्या फोटोत परत जाता येतं. मी पहिल्याच दिवशी, प्रोग्रॅम टाकल्याबरोबर, एक फोटो काढला होता, गंमत म्हणून. मी परत गेले. भाडेकरू डोळे चोळत उठला. त्याच्या दृष्टीनं आजच पहिला दिवस होता, तीस दिवस अजून शिल्लक होते. फक्त आईचा सगळा हिशोब पुसला गेला होता. पडद्यावर आलं, नवीन विद्यार्थी, वेग शून्य. आईनं ते वाचलं. आदल्या दिवशी ती सतरावर पोचली होती.

"सगळं गेलं?"

मी सांगितलं, यातलं गेलं, तुझ्या बोटांतलं नाही गेलं. तिनं नाव पुन्हा टाइप केलं आणि बसली. पुढं दर महिन्याला आम्ही भाडेकरूला मागं न्यायचो. त्याच्याकडे कायम तोच एक महिना चालू असायचा. आमच्याकडे उन्हाळा संपून पेरण्या झाल्या, पोळा झाला, तरी त्याच्या कोपऱ्यातली तारीख त्या पहिल्याच महिन्यातली. अशाच एका वेळी, मी मागं नेत असताना, आईनं विचारलं की किती मागं जाता येतं. मी म्हणाले, जिथं फोटो काढलाय तिथपर्यंत. त्याच्या आधी न्हाई का? न्हाई. "म्हणजे आधी काढून ठेवावा लागतो," ती म्हणाली आणि डाळ बघायला उठली. मी चौकटीकडे बघत बसले. आजही हे लिहिताना मला तिथून पुढं काय लिहावं ते सुचत नाही, तेव्हा मी पुढचंच सांगते.

दोन वर्षं संपायला आली आणि परीक्षेची शेवटची संधी राहिली. केंद्र लातूरला मिळालं. हॉलतिकीट काढायला आईनं मला गल्लीच्या तोंडाशी असलेल्या कॅफेत पाठवलं, परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी. बरोबरच तिनं तो दिवस आणि परीक्षेचा दिवस अशा दोन दिवसांच्या रजेचा अर्ज तिथं टाइप करून, छापून आणायला सांगितला. हातानं लिहिलेला अर्ज मोठ्या बाबूंना चालायचा, पण आईला आता टाइप केलेलाच द्यायचा होता. कॅफेतला कॉम्प्युटर जुना, काळा, बटणं घासलेली. मी हॉलतिकीट छापून घेतलं, मग अर्ज सुरू केला. घरी आईजवळ बसून बसून मलाही तीच मांडणी पाठ झाली होती, म्हणून न बघता टाइप केलं. वर पाहिलं तर लिहिलं होतं, महोदय, कपया माझी रजा मंजूर करावी.

मी पुन्हा केलं. पुन्हा कपया. मी खाली पाहिलं तर शिफ्ट आणि झेडच्या मधलं बटणच नव्हतं. शिफ्टच तिथपर्यंत लांब पसरलेली होती. माझी करंगळी प्रत्येक वेळी शिफ्टच्या पोटात जात होती आणि तिथं काहीच होत नव्हतं. शेजारच्या कॉम्प्युटरवर पाहिलं, तिथंही नाही. कॅफेत सहा कॉम्प्युटर होते, मी उठून सहाही पाहिले. मालक विचारायला लागला की काही हरवलंय का. मामाचं मशीन परदेशी मांडणीचं होतं, त्यात एक बटण जास्त होतं आणि रुकार त्यावर जाऊन बसला होता. आपल्याकडच्या सगळ्या कीबोर्डवर तो टॅबच्या वर, अगदी वरच्या कोपऱ्यात असतो, हे मला तिथं खुर्चीवर बसून कळलं. माझी पद्धत फार शास्त्रीय होती, फक्त मी जगातला दुसरा एकही कीबोर्ड पाहिलेला नव्हता. हॉलतिकीट हातात होतं, त्याच्या पाठीमागं मी पेन्सिलनं चौकोन काढले. टॅब, त्याच्या वरचं बटण, त्यात रुकार, आणि खालून वर जाणारा बाण. घरी जाऊन हे दाखवायचं असं ठरवूनच काढलं.

घरी आले तर आई टाइप करत होती आणि गुणगुणत होती. बाबा गेल्यापासून मी तिचं गुणगुणणं ऐकलेलं नव्हतं. मी दारातच थांबले. उतारा संपला, भाडेकरूनं आकडा दाखवला, बत्तीस. तिनं माझ्याकडे वळून पाहिलं आणि पदरानं बटणांवरचं पीठ पुसलं. मी अर्ज दिला. हॉलतिकीट प्लास्टिकच्या पाकिटात घालून, फोटोची बाजू वर करून, दिलं. तेव्हा सांगायला हवं होतं. मला वाटलं, आता सांगितलं तर तिची बोटं पुन्हा दार ठोठावायला लागतील. जेवताना सांगू असं ठरवलं. जेवताना तिनं शेंगदाण्याची चटणी मला जास्त वाढली आणि म्हणाली, "यंदा व्हईल बघ." मग मी सकाळी सांगायचं ठरवलं.

सकाळी एसटीत ती डोळे मिटून मांडीवर बोटं हलवत होती. डावी करंगळी मधूनच थोडी खाली सरकायची. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, मी प्रत्येक थांब्यावर पुढच्या थांब्याला सांगायचं ठरवलं. लातूरला स्टँडजवळ एका हॉटेलात आम्ही सुशीला घेतला. मुरमुरे भिजवून, फोडणी देऊन, वर शेंगदाण्याचं कूट, आईला एरवी लई आवडायचा. तिनं दोन घास खाल्ले आणि बशी माझ्याकडे सरकवली. मी तिचाही सुशीला खाल्ला. हे मी लाजून सांगत नाही, तसं झालं म्हणून सांगते. मला भूक लागली होती आणि तोंडात घास असेपर्यंत बोलावं लागत नाही. मग केंद्राचं फाटक आलं, तिनं हॉलतिकीट दाखवलं आणि ती आत गेली.

फाटकासमोर चहाची टपरी होती. मी तिथल्या बाकावर बसले. आत साठ-सत्तर कीबोर्ड असतील आणि एकाही कीबोर्डला ते बटण नसेल, हे मला माहीत होतं. कृषी, वृक्ष, गृह, कृपया, मी सरकारला किती रुकार लागतात ते आठवत बसले. सरकारला फार लागतात. मला खरंच असं वाटलं की नोकरी आता गेली, आणि ती मी घालवली, बाबांनी मरून जी दिली ती मी एका चिकटपट्टीनं घालवली. आई ट्रंकेतला आदेश काढून वाचतेय आणि त्यात काही बदललेलं नाही, असं मला दिसत होतं.

दीड तासानं ती आली. चेहरा मिटलेल्या आवक-जावक रजिस्टरसारखा. बाकावर बसली, दोन चहा सांगितले आणि जे झालं ते क्रमानं सांगितलं. आधी सरावाचा उतारा होता. पहिल्याच ओळीत कृषी आलं, करंगळी खाली गेली आणि कषी उमटलं. तिनं तीनदा केलं. मग हात वर करून निरीक्षकांना सांगितलं की सर, या मशीनला एक बटण कमी हाय. निरीक्षक येऊन पाहून गेले आणि म्हणाले, बाई, सगळ्यांना तेवढीच आहेत. मग तिनं विचार केला की आपला नंबर चुकला असंल, दुसऱ्याच मशीनवर बसलो असू, म्हणून बैठक क्रमांक बघायला पाकिटातून हॉलतिकीट काढलं. काढताना ते उलटं झालं. खऱ्या उताऱ्यात रुकार नऊ वेळा आला. पहिले दोन करंगळीनं सवयीनं शिफ्टमध्ये घालवले, बाकी सात वेळा ती प्रत्येक वेळी थांबली, बोट उचललं, वर नेलं. शेवटची ओळ पुरी झाली तेव्हा वेळ संपत होती.

चहा आला. तिनं हॉलतिकीट काढून उलट्या बाजूनं बाकावर ठेवलं.

"हे कवा काढलंस?"

"काल. कॅफेत."

"म्हणजे कालपासून तुला माहीत होतं."

"हाव."

"मग कामून न्हाई सांगितलंस?"

मी म्हणाले, तू घाबरशील म्हणून. ती चहा बशीत ओतून, फुंकर मारून, सगळा प्यायली, आणि हॉलतिकीट परत पाकिटात ठेवलं. ते पाकीट तिच्या हातात देताना मागचं चित्र मी विसरले होते की मुद्दाम राहू दिलं होतं, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. विसरले होते म्हणावं तर खोटं वाटतं आणि मुद्दाम म्हणावं तर स्वतःला फारच चांगुलपणा दिल्यासारखं होतं.

निकाल दोन महिन्यांनी लागला. आई पास झाली, काठावर, आणखी एक-दोन चुका झाल्या असत्या तर नसती झाली. ती कायम झाली, मोठे बाबू निवृत्त झाल्यावर टॉवेलसकट तो कॉम्प्युटर तिच्याकडे आला, आणि पुढची पुष्कळ वर्षं त्या कार्यालयातली पत्रं तिनं टाइप केली. निकालाच्या दिवशी चाचींनी वरून शिरा पाठवला आणि मोटार संध्याकाळीही एकदा लावली. लोक विचारायचे तेव्हा आई सांगायची की पोरीनं मशीनमधी मशीन टाकून दिली म्हणून झालं. मी तिथून उठून जायचे. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी लातूरहून परतताना आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि आई माझ्याशी बोलत नव्हती.

दुपारची गाडी, निम्मी रिकामी. ती खिडकीशी, मी शेजारी. चाकूर गेलं. अहमदपूरला एक बाई पेरू घेऊन चढली, आईनं दोन घेतले आणि एक माझ्या हातात दिला. पुढं उन्हं उतरायला लागली, दोन्ही बाजूंना तुरी उभ्या होत्या. मला वाटलं ती घरी पोचेपर्यंत बोलणार नाही, आणि घरी गेल्यावर भाकऱ्या करायला लागेल आणि हा विषय तसाच राहील. लोह्याच्या अलीकडे ती खिडकीबाहेर बघतच बोलली. आवाज रोजचा होता, भाजी काय करायची विचारावं तसा.

"तुझे बाबा गेले त्या दिवशी तुझ्या काकांचा फोन तूच घेतला होतास."

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, अर्धापूरचे. अपघाताच्या जागी तेच आधी पोचले होते. मी हाव म्हणाले.

"त्यांनी तुला खरं सांगितलं होतं?"

मी पेरू हातात धरून बसले. दोन वर्षांहून जास्त काळ हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, तेव्हा मला वाटत होतं की तो कुणाला पडलेलाच नाही. मी सांगितलं. काका म्हणाले होते की भाऊ गेले, पण वहिनीला एवढ्यात सांगू नको, ती वाटेतच काही करून घेईल. नुसतं लागलंय म्हण, दवाखान्यात आणलंय म्हण, आम्ही इथं आहोत.

"आणि मी डबा भरून राहिले होते."

"हाव."

"दवाखान्यात तिखट चालणार न्हाई मनून मुगाचं वरण लावलं. शिट्ट्या होईस्तोवर थांबले मी. गाडी दारात उभी होती आणि मी कुकर थंड व्हायची वाट बघत होते." तिनं पेरूचं बी जिभेनं दातातून काढलं. "तितं गेल्यावर सगळे माझ्या हातातल्या डब्याकडंच बघत होते. मला वाटलं, असे कामून बघून राहिले हे."

मी रडायला लागले. तिनं मला जवळ घेतलं नाही आणि गप्पही केलं नाही. ती म्हणाली, "मी घाबरंन, न्हाईतर पडंन, ते माझं मी बघून घेईन. पण मला सांगायचं. आधी सांगायचं. मला येड्यासारखं डबा घेऊन पाठवायचं न्हाई." मी हाव म्हणाले, दोनदा. कंडक्टर लोहा म्हणून ओरडला, चार-पाच माणसं उतरली, दोन चढली, गाडी पुन्हा निघाली.

"झाकण सापडंना डब्याचं," आई म्हणाली. "तूच शोधून दिलंस."

ते मला रोज आठवत होतं. तिलाही आठवतं हे मला माहीत नव्हतं.